दादाचा नंबर

माझा दादा लिफ्ट दुरुस्त करतो आणि गेल्या सतरा वर्षांत त्याचा फोन एकदाही बंद राहिलेला नाही. आंघोळीला जातानासुद्धा तो फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बादलीशेजारी ठेवतो. माझ्या लग्नात ऐन वेळी फोन वाजला तेव्हा हा नवरदेवाच्या शेजारी उभा राहून कुणाला तरी खणखणीत आवाजात सांगत होता, "आधी खाली बसा." माझे सासरे बसले.

गावातल्या दीडशे लिफ्टमध्ये त्याच्या नंबराची पितळी पट्टी आहे आणि प्रत्येक पट्टी त्याने स्वतः ठोकली आहे. त्याला कारणही तसंच घडलं. सतरा वर्षांपूर्वी, धंद्याच्या पहिल्याच वर्षी, एक निवृत्त शिक्षिका दोन तास अंधारात अडकल्या आणि ह्याच्या फोनचं चार्जिंग संपलेलं. बाहेर आल्यावर बाई रागावल्या नाहीत. "तुम्ही होतात कुठे?" एवढंच विचारलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दादा अजून म्हणतो.

प्रत्यक्ष लिफ्ट उघडायला त्याचा जोडीदार जातो. त्याला सगळे मौनी म्हणतात. हात सोन्याचे, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. त्यामुळे तो पोचेपर्यंत आतल्या माणसाला सांभाळायचं काम दादाच्या फोनचं. खाली बसा, पाठ भिंतीला टेकवा, दाराला हात लावू नका, आणि मग हुकमी प्रश्न: आज काय जेवलात? जेवणाचं सांगता सांगता माणसाचा श्वास जागेवर येतो, असा त्याचा अनुभव आहे.

या नंबरापायी हा सहा वर्षं परदेशी लेकीकडे गेला नव्हता. वहिनी गेल्यावर तर त्याला जा म्हणणारंही कुणी उरलं नाही. शेवटी नातू आठ महिन्यांचा झाला तेव्हा लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तुमची भेट व्हायला मी लिफ्टमध्ये अडकायला हवं का?" त्या दिवशी दादा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तिकीट काढलं, तीन आठवड्यांचं.

मग सुरू झाला नंबराचा घोर. मोबाइलच्या दुकानदाराने त्याला तासभर समजावलं: जुन्या फोनमध्ये इथलंच सिम राहू द्या, रोमिंग चालू करा, इंटरनेट बंद ठेवा, फोन तिकडेही वाजेल. तिकडच्या वापराला लेक दुसरा फोन देईल. दादाचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच बाहेरही आला. विमानात अकरा तास फोन बंद ठेवायचा, त्याचं काय? तिकीट रद्द करतो म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गाडी चालवायला शिकवते, दिवसभर लोकांवर ओरडणं हाच माझा धंदा आहे, म्हणून दादा मला तोफ म्हणतो. तोफ त्या दिवशी धडाडली. अकरा तासांचे फोन मी घेईन, म्हटलं, तू मुकाट्याने विमानात बस.

कागदावर मी दोन कोड लिहिले. वरचा दाबला की त्याचे फोन माझ्याकडे वळायचे, खालचा दाबला की ते वळणं बंद. वरचा मी स्वतः विमानतळावर दाबला. "उतरलास की दुसरा कोड दाब," असं चारदा बजावलं. उतरल्यावर त्याचा निरोप आला, दुसरा दाबला, झालं. मी हुश्श केलं आणि दहा मिनिटांत माझा फोन वाजला. कुणीतरी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लटकलं होतं.

आधी कळेचना. मग डोक्यात प्रकाश पडला. आमचा दादा सगळं खालून मोजतो. जन्म मजले मोजण्यात गेला त्याचा. आमच्या घरी कपाटाचा पहिला कप्पा म्हणजे सगळ्यात खालचा. माझ्या कागदावरची दुसरी ओळ त्याच्या लेखी वरची होती. पठ्ठ्याने सगळे फोन पुन्हा एकदा माझ्याकडे वळवून ठेवले होते.

कळवणार होते, खरंच. पण संध्याकाळी व्हिडिओवर पाहिलं तर हा जमिनीवर आडवा, नातू त्याच्या पोटावर बसून मिशी उपटतोय, आणि हा लहान मुलासारखा खिदळतोय. म्हणाला, "फोन वाजलाच नाही गं. लिफ्टा शहाण्या झाल्या माझ्या." वहिनी गेल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी तोंड मिटून घेतलं.

मग काय विचारता. त्या दिवसांत माझ्याकडे एक दाताचे डॉक्टर गाडी शिकत होते. फोन आला की मी तो स्पीकरवर टाकायची. "क्लच सोडा," असं मी डॉक्टरांना ओरडले की लिफ्टमधला गृहस्थ घाबरून विचारायचा, क्लच कुठे असतो? एका बँकेच्या साहेबांनी मला चिडून सांगितलं की ते खाली बसणार नाहीत, इस्त्री मोडेल. मी म्हटलं, मग उभे राहा आणि रडा. बसले. एका नव्या जोडप्याला मी मौनी निघालाय म्हणून धीर दिला, तर ते म्हणाले सावकाश येऊ दे, घाई नाही. दहा दिवसांत डॉक्टरांना दादाची सगळी वाक्यं पाठ झाली, गिअर मात्र काही केल्या पडेना.

पण तिकडे दादाचं हसू ओसरायला लागलं होतं. अकराव्या दिवशी तो नातवाला मांडीवर घेऊन जुन्या फोनकडे बघत बसला होता. म्हणाला, सतरा वर्षं उगाच जीव टाकला बहुतेक, लोकांचं माझ्यावाचून काही अडत नाही. त्याला सुट्टी द्यायला गेले आणि त्याचं आयुष्यच काढून घेतलं की काय मी? उद्या संध्याकाळी सगळं सांगायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर गाडी चालवत होते आणि फोन वाजला. लांबलचक, अनोळखी नंबर. आवाज चिरका, धाप लागलेला. कुणी आहे का, कुणी आहे का, एवढंच चाललेलं. मी सवयीने सुरू केलं. खाली बसा. पाठ भिंतीला टेकवा. दाराला हात लावू नका.

"बसलो," तो म्हणाला.

"शाबास. आज काय जेवलात?"

पलीकडून हळूच, "तोफ? तू?"

डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी आचके न देता कडेला लावली.

दादा लेकीच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये अडकला होता. दिवे गेलेले. मदतीचं बटण दाबलं तर यंत्राचा आवाज त्याला न कळणाऱ्या भाषेत एक दाबा, दोन दाबा करत होता. लेक कामावर, तिथे फोन कपाटात ठेवावा लागतो. जावई रात्रपाळी करून घरात नातवाला कुशीत घेऊन झोपलेले, त्यांचा फोन मुका. मग ह्याला आठवलं, आपला जुना फोन जावयांच्या उशाशी चार्जिंगला आहे. आपलाच नंबर लावला तर तो वाजेल, जावई उठतील. तसाही जगात त्याला एकच नंबर पाठ होता.

मी डॉक्टरांना दादाच्या लेकीच्या ऑफिसचा नंबर दिला. त्यांनी स्वतःच्या फोनवरून तिला कामावरून बाहेर बोलावून घेतलं आणि ती तिथल्या लिफ्टवाल्यांना कळवून निघाली. तोवर मी दादाला धरून ठेवलं. भाजी कुठली होती, मीठ बरोबर होतं का, नातवाने काय सांडलं. मध्येच तो म्हणाला, "आतून एवढीशी असते गं ही. मी आयुष्यभर बाहेरूनच पाहिली." मी गाडीत बसून रडत होते आणि त्याला भाताबद्दल विचारत होते.

मग त्याने विचारलंच, माझा फोन तुझ्याकडे कसा? मी सगळं ओकून टाकलं. कागद, खालून मोजणं, बारा दिवस, एकोणीस माणसं. आता शिव्या खायच्या म्हणून डोळे मिटून बसले.

"कुणाचा राहिला का उचलायचा?" त्याने विचारलं.

"एकाचाही नाही."

तो हसायला लागला. आधी बारीक, मग इतका की लिफ्टमध्ये घुमायला लागलं. त्याला हसू आवरेना म्हणून मलाही आवरेना, आणि डॉक्टर तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हॉर्न वाजवत होते. तेवढ्यात दार उघडल्याचा आवाज आला आणि लेकीने बाबा म्हणून हाक मारली.

संध्याकाळी व्हिडिओवर मी शिस्तीत सांगितलं की कागद घे, आता वरून दुसरा कोड दाब, वरून, आणि तुझे फोन तुला परत. त्याने खिशातून कागद काढला, घडी उलगडून वरपासून खालपर्यंत वाचला आणि नातवाच्या हातात दिला. नातवाने तो सरळ तोंडात घातला.

"अजून नऊ दिवस आहेत," दादा म्हणाला. "नंबर लागतोय ना, बस झालं."