देवीच्या तलवारीचा वायरमन

सहादेवने बनवलेली तलवार दर साली बंद पडायची, आणि ती बंद पडली की त्याला गावाकडून फोन यायचा. एरवी त्याला कोणी बोलावत नसे. भिंगारला दोन खोल्यांत राहणारा, लष्करी वर्कशॉपातून निवृत्त झालेला सिव्हिलियन वायरमन. बायको केशरबाई जाऊन पाच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दिवसभरात तोंड उघडायचे प्रसंग दोनच, सकाळी दूधवाला आणि संध्याकाळी भाजीवाली, आणि दोघंही कायम घाईत.

गाव म्हणजे राजूरच्या पुढची डोंगरातली एक वाडी. तिथे चैत्रात बोहाडा होतो. लाकडी मुखवटे चढवून देवादैत्यांची सोंगं संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात आणि उजाडता उजाडता देवी महिषासुराला मारते. एकेक सोंग एकेका घराचं. देवीचं सोंग सहादेवच्या घरचं, बापामागे थोरल्या मुलाचं, म्हणजे त्याचंच. पण नेम असा, की सोंग घेणाऱ्याने आधीचे आठ दिवस वाडीची शीव ओलांडायची नाही. बाप थकला त्या वर्षी सहादेव चाळिशीचा होता आणि त्याला आठ दिवसांची रजा मिळाली नाही. मुखवटा चुलतभाऊ आदिनाथच्या डोक्यावर गेला. एकदा गेलेलं सोंग माघारी येत नाही. त्यावर भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. सहादेवने केशरबाईला फक्त, 'आदिनाथ उंचीला बरा आहे,' एवढंच सांगितलं.

निवृत्त झाल्यावर त्याने ही तलवार केली. पारदर्शक ॲक्रिलिकचं पातं, पात्याच्या मधोमध लाल दिव्यांची पट्टी, मुठीला पीव्हीसी पाइप, पाइपात आठ पेन्सिल सेल आणि अंगठ्याखाली बटण. पहिल्या वर्षी पहाटेच्या अंधारात ती पेटली तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. सहादेव त्या वेळी मुखवट्यांच्या खोलीत उभा होता. त्या खोलीत सोंगं घेणाऱ्यांखेरीज कोणाला पाऊल टाकू देत नाहीत. त्याला टाकू दिलं, कारण तलवारीचं काही बिघडलं तर माणूस हाताशी हवा.

आणि ती बिघडायचीच. कारण शोधायला मोठी अक्कल लागत नव्हती. देवीच्या हातातली वस्तू म्हणून वाडीतली माणसं सोंगाच्या दिवशी तिला दुधापाण्याने न्हाऊ घालत, हळदकुंकू वाहत, मुठीला तेलात कालवलेला शेंदूर फासत. सहादेवने पहिल्याच वर्षी सांगून पाहिलं होतं.

"आत बॅटरी आहे रे. पाणी घालू नका."

"देवीची तलवार पारुशी ठेवायची व्हय, दादा?" आदिनाथ म्हणाला होता.

झालं. पुन्हा सहादेवने तो विषय काढला नाही. मुठीची फट बुजवायला दहा मिनिटं लागली असती. एम-सीलची पुडी त्याच्या पिशवीत तीन वर्षं पडून होती. बुजवली मात्र नाही. बुजवली असती तर फोन कशाला आला असता? हे त्याने स्वतःशीसुद्धा कधी धड कबूल केलं नाही. सत्तरीकडे झुकलेला माणूस, पण 'मला तुमच्याकडे यावंसं वाटतं' हे एक वाक्य काही तोंडातून निघत नव्हतं.

मग ती गेल्या सालची फजिती झाली. त्या वर्षी तलवार दिवसभर नीट चालली म्हणून त्याला बोलावलंच नव्हतं. पहाटे देवीने ती उगारली आणि ऐन वारात पातं विझलं. महिषासुर एक पाय वर धरून मरायची वाट बघत राहिला, संबळवाला त्याच तालावर घोटाळत राहिला, आणि लोक हसले. बोहाड्यात देवीला कोणी हसत नाही. आदिनाथ मुखवटा उतरवून बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसला, असं सहादेवला नंतर कळलं.

यंदा फोन आला तो वेगळा. "दादा, तलवार परत बंद हाय. पर तुमी दगदग करू नका. आप्पासाहेब म्हनत्यात, संगमनेरात पलास्टिकची मिळती, आवाज बी करती."

आप्पासाहेब म्हणजे वाडीचे कारभारी. सहादेवने पुढचं ऐकलं नाही. सकाळच्या पहिल्या एसटीने निघाला, अकोले गावी गाडी बदलली, राजूरहून जीप धरली आणि दुपारी आदिनाथच्या ओसरीवर मीटर काढून बसला.

आधी सेल पाहिले. मीटरवर बारा व्होल्ट भरले. पट्टीच्या तोंडाशी काटा शून्यावर. म्हणजे घोटाळा मधेच. त्याने बटणाच्या दोन्ही टोकांना वायरचा तुकडा टेकवला, तशी पट्टी पेटली. बटण उघडलं तर आत शेंदराचा लगदा आणि तांब्यावर हिरवा कीट. नवं बटण बसवलं. पण तलवार हलवली की दिवे मिचमिचत. घाईतला वायरमन इथेच उठला असता. सहादेवने वायर बोटाने चाचपत नेली. पट्टीच्या बुडाशी सोल्डरचा डाग सुटला होता, वरून नुसता चिकटल्यासारखा दिसत होता. तो खरवडून त्याने नवा डाग दिला, ओढून पाहिला, तलवार पन्नास वेळा गरागरा फिरवली. सुरेखा, आदिनाथची बायको, चहा घेऊन आली तशी जागीच थबकली.

"भाऊजी, नाचताय की काय?"

"बघतोय, टिकते का."

"मुखवटा बी चढवायचा मंग," ती हसली आणि आत गेली.

मग त्याने पिशवीतून पुडी काढली. आदिनाथ समोर सुपारी कातरत होता.

"ह्ये काय?"

"आता पाणी घाल, दूध घाल, आत थेंब जायचा नाही. सेल बदलायला खालून फिरकीचं झाकण ठेवलंय, रबर लावून."

"म्हंजी बंदच पडनार न्हाई?"

"नाही पडणार."

"मग ह्ये आदीच का न्हाई केलं, दादा?"

सहादेवने पुडीतली दोन रंगांची लांबी एकजीव होईपर्यंत मळली आणि मुठीभोवती अंगठ्याने दाबत नेली. कुठे फट राहिली नाही. त्या पहाटे तलवार विझली नाही. महिषासुर वेळेवर मेला आणि आदिनाथ ताठ मानेने मुखवट्यांच्या खोलीत परतला. खोलीत उभं राहायची आपली ही शेवटची वेळ, हे सहादेवला तेवढ्या गर्दीत एकट्यालाच ठाऊक होतं.

पुढल्या चैत्रात फोन आला नाही. बोहाड्याच्या आदल्या आठवड्यात सहादेवने भाजीवालीला तिच्या मोबाईलवरून आपल्या नंबरवर फोन लावायला सांगितला. वाजला. मोबाईलमध्ये काही बिघाड नव्हता. सोंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आदिनाथने व्हिडिओ पाठवला, खाली एक शब्द नाही. सहादेवने चष्मा पुसून तो चार वेळा पाहिला. पातं मुठीपासून लालभडक. टोकाला मात्र तीन दिवे काळे. एक दिवा गेला की जोडीचे दोन जातात, पट्टीची जोडणीच तशी असते.

त्याला आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, आनंदच झाला. त्याने लगेच फोन लावला.

"टोकाचे तीन दिवे गेलेत रे."

"त्ये व्हय? कुनाला दिसत बी न्हाई, दादा. लई झ्याक झालं यंदा."

पलीकडे भांडी वाजत होती, कोणीतरी कोणालातरी हाक मारत होतं. सहादेव खाटेवर बसला. दिव्यांचं पुढे काय बोलायचं ते संपलं होतं. मग त्याने ते वाक्य एकदाचं म्हटलं.

"मी येऊ का? दुरुस्तीला नाही. असाच."

"असंच म्हंजी?"

"म्हणजे... दोन दिवस."

"बोहाडा तर झाला की." आदिनाथ वाईट माणूस नव्हे. त्याला खरंच उमगत नव्हतं. काम नसताना सहादेवदादा येतो म्हणजे काय करायचं त्याचं? मग लांबून सुरेखाचा आवाज आला, "कोन, भाऊजी? येनार असतील तर म्हनावं मिक्सर बगा. पंदरा दिस झालं बंद हाय."

"ऐकलं का, दादा?"

"ऐकलं," सहादेव म्हणाला. "उद्या येतो."

त्याने पिशवीत एक धोतर, एक सदरा आणि टॉवेल भरला. मग फळीवरून सोल्डरिंग आयर्न आणि मीटर काढून टॉवेलात गुंडाळले आणि वरच्या बाजूला ठेवले.