दोन युरोची बाटली टेबलावर

वाइन प्यायची मला लाज वाटायला हवी होती, असं माझ्या मुलाचं म्हणणं होतं. मला ती वाटली नाही. आजही वाटत नाही, म्हणून तर लिहितेय.

हे गेल्यावर मुलानं मला जर्मनीत, डार्मश्टाटला नेलं. युरो येऊन तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मुलगा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, सून सॉफ्टवेअरमध्ये, आणि मी दिवसभर घरात एकटी. समोरच्या दाराआड माझ्याच वयाची एक जर्मन बाई राहायची. तिचाही नवरा गेलेला. माझं जर्मन म्हणजे शंभरेक शब्द आणि दोन हात, पण जिना चढताना दोघींचे गुडघे एकच भाषा बोलायचे. तेवढ्यावर मैत्री झाली.

तिचं माहेर ऱ्हाइन नदी ओलांडून तासाभरावर, द्राक्षांच्या गावात. महिन्यातून एका शनिवारी ती रिकाम्या बाटल्यांची पेटी गाडीत टाकून तिकडं जायची आणि भरलेल्या घेऊन यायची. एकदा मला म्हणाली, "चल." मी स्वेटर चढवला. मी तासगावकडची, द्राक्षं म्हटल्यावर मला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही.

दुकान असं नव्हतंच तिथं. शेतकऱ्याचं अंगण, फाटकाला घंटा, आत एक लांब लाकडी टेबल. लिटरच्या जाड बाटल्या, फिरकीचं झाकण, वर साधा कागद चिकटवलेला. दोन-अडीच युरोला बाटली. डेअरीत किटली घेऊन जावं तशी माणसं आपापल्या रिकाम्या बाटल्या घेऊन येत होती.

घेण्याआधी चाखायची. शेतकऱ्यानं अर्ध्या लिटरचा एक दांडगा काचेचा पेला भरला, स्वतः घोट घेतला आणि शेजारणीला दिला. तिनं घोट घेऊन पुढच्या बाईला दिला, त्या बाईनं तिच्या नवऱ्याला. माणसं सहा आणि पेला एकच! मी बघतेय, कुणी कडसुद्धा पुसत नाही. झालं, पेला माझ्या हातात आला. मग मी जन्मभर जे केलं तेच केलं. मान मागं टाकली आणि वरून धार सोडली.

आता तांब्याची गोष्ट वेगळी. या पेल्याचं तोंड चार बोटं रुंद. निम्मी वाइन तोंडात, निम्मी गळ्यावरून स्वेटरात. अख्खं टेबल खदखदा हसलं. शेतकऱ्याला तर इतकी मजा वाटली की त्यानंही तसंच पिऊन बघितलं, आणि मिशा, शर्ट, सगळं भिजवून घेतलं.

तेवढ्यात त्याची बायको माझ्यासाठी वेगळा छोटा ग्लास घेऊन आली. सुटले बाई, म्हणून मी हात पुढं केला, तर शेजारीण हळूच म्हणाली, "तो वाटसरूंना देतात. तू माझ्याबरोबर आलीयस."

माझा हात तिथंच थांबला. चाळीस वर्षं मी नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवले. ते उष्टं चालायचं. चालायचं कसलं, पुण्याचं होतं! कुणाचं चालतं आणि कुणाचं नाही, हे ठरवताना मला कधी कुणी विचारलं होतं? मी छोटा ग्लास परत सरकवला, मोठा पेला ओढला आणि कडेला सरळ ओठ लावले.

आधी आंबट लागली, कैरीच्या पाण्यासारखी. मागून सफरचंदाच्या सालीचा तुरटपणा आला. थंडगार, हलकी. मला आवडली. यात समजावून सांगण्यासारखं काही नाही, आवडली. दोन बाटल्या घेतल्या आणि घरी आले. मग रोज जेवताना अर्धा ग्लास, पोळीभाजीबरोबर. मुलगा आधी हसला.

दिवाळीत मराठी मंडळातली पाच कुटुंबं फराळाला यायची होती. सकाळीच मुलानं टेबलावरची माझी बाटली उचलली.

"आई, आजचा दिवस ही खाली केलरमध्ये ठेवतो."

"तळघरात? का रे, तिथल्या बटाट्यांना सोबत हवीय?"

"लोक येणारेत."

"लोकांना द्राक्षं चालत नाहीत?"

"गंमत नको ना, आई. बाबांना जाऊन दोन वर्षं नाही झाली. काय म्हणतील?"

"मग तुझ्या कपाटातली ती फ्रेंच बाटली?"

"ती वेगळी. चांगली वाइन आहे ती. ही... अगं, ही गावातले शेतकरी पितात."

"आणि मी कोण आहे रे?"

बाटली त्यानं खाली नेलीच.

संध्याकाळी पाहुणे आले. कपाटातली फ्रेंच निघाली. पुरुषमंडळी ग्लास गोल फिरवून वास घेतायत, 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, म्हणून माना डोलावतायत. बायकांच्या हातात आंब्याचा रस. मी खुंटीवरची तळघराची किल्ली घेतली, दोन मजले उतरले, दोन मजले चढले आणि बाटली चिवड्याच्या डब्याशेजारी ठेवली.

मग एक सुनेच्या वयाची बाई म्हणाली, "अय्या काकू, हे तुम्ही घेता?"

"घेते. तुला ओतू?"

ती घाईघाईनं चकलीकडं वळली. तिचा नवरा म्हणाला, "काकू, अहो, या वयात?"

"मग कुठल्या वयात? तुमच्या वयात मला ओट्यापासून हलायला सवड नव्हती."

"आई, पुरे आता," मुलगा म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे.

मी अर्धा ग्लास ओतला आणि सगळ्यांसमोर बसून सावकाश संपवला. कुणी चव घेतली नाही.

पाहुणे गेल्यावर मुलगा म्हणाला, "तुला काय, मला तोंड दाखवायचंय या लोकांना."

"मलाही दाखवायचंय. म्हणून तर तळघरातून वर आणली."

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन बसले. त्या पाचही बायकांना सांगितलं: शनिवारी दुपारी या, वाइन आहे, नवऱ्यांना घरी ठेवा. सून शेजारी उभी राहून म्हणाली, "आई, आल्झो, म्हणजे... तुम्ही खरंच?" आणि सापडत नव्हता तो नंबर तिनंच लावून दिला.

पाचातल्या दोघी आल्या. एकीनं रसच घेतला. दुसरीनं घोट घेऊन तोंड वाकडं केलं, पुन्हा घोट घेतला, आणि सहा वाजेपर्यंत आपल्या सासूबद्दल बोलत बसली. न आलेल्या तिघींपैकी एकीनं मुलाला फोन केला. जेवताना त्यानं मला ऐकवलं, "त्या म्हणाल्या, आईंना जरा सांभाळा."

"तिला सांग," मी म्हटलं, "येत्या शनिवारीही आहे. सांभाळायला ये म्हणावं."