आधी कान, मग गान

"आधी कान, मग गान!" असं म्हणत आमचे शेजारी स्वतःचा कान चिमटीत धरायचे आणि मगच माईक पुढच्याच्या हातात द्यायचे.

मी शाळेत मास्तर. बदली झाली म्हणून आम्ही नवराबायको वसईजवळच्या वटार गावात भाड्याने राहायला गेलो. शेजारची वाडी त्यांची. केळी, पानवेल, शिवाय लग्नकार्याला लाउडस्पीकर लावून देणं. ऐंशी सालाच्या आसपास त्यांनी टेपरेकॉर्डर आणला आणि सिनेमातल्या चाली नुसत्या वाद्यांवर वाजवलेली एक कॅसेट. दर रविवारी दुपारी चारला चिकूखाली सतरंजी पडायची. टेप लागायचा, त्यावर ज्याला हवं त्याने गायचं.

नियम मात्र कडक. एकाने एकच गाणं. दुसऱ्याने धरलेलं गाणं घ्यायचं नाही. चुकणाऱ्याला हसायचं नाही, आणि शिकवायचं तर मुळीच नाही. एकदा एक पाहुणा कुणाच्या तरी बेसुरावर हसला. यांनी शांतपणे माईक त्याच्यापुढे धरला. "म्हना." पाहुण्याने चहाचा कप तोंडाला लावला तो खाली घेतलाच नाही.

त्यांचा स्वतःचा आवाज फाटका होता. मी पाच वर्षं पेटी आणि गाणं शिकलेलो. तरी माझं गाणं झालं की लोक "छान" म्हणत आणि त्यांचं सुरू झालं की सगळे त्यात सूर मिसळत. एखाद्या गाणाऱ्याला विचारून पाहा, त्या "छान"ने किती जळजळ होते ते.

पण खरी जळजळ पुढेच होती. एका रविवारी माझ्या बायकोने माईक घेतला. लग्नाला आठ वर्षं झाली होती, सुरुवातीचे काही दिवस सोडले तर घरात तिने कधी गुणगुणलंही नव्हतं. टेपच्या पट्टीत तिचा आवाज अडला. त्यांनी टेपच बंद केला. "वहिनी, टेपला काय कलतंय? तुमच्या पट्टीत म्हना." ती गायली. साधं, स्वच्छ. मी ऐकत होतो आणि मनात एकच घोळत होतं: ही याच्यासमोर गाते, माझ्यासमोर का नाही?

घरी येताना विचारलंच. ती म्हणाली, "अहो, तुम्ही लगेच दुरुस्त करता."

पुढच्या रविवारी माझा नंबर तिच्या आधी आला. मी तिचंच, मागच्या रविवारचं गाणं घेतलं. हरकती, ताना, शिकलेलं सगळं ओतलं. संपल्यावर त्यांनी माईक तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "मला नाही येत गाणं," आणि उठून घरी गेली.

ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. "मास्तर, गला गोड हाय तुमचा. पन आज तुमी वहिनींचं गानं खाल्लंत."

"माझ्या बायकोचं मी बघेन," मी म्हणालो.

पावसाळाभर आम्ही दोघंही गेलो नाही. घरातही बोलणं भाजी-आमटीपुरतंच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तेच आले, हातात केळ्यांची फणी. "मास्तर, टेप बिघडलाय. तुमची पेटी आनाल काय रविवारी?"

मी पेटी नेली, मागून बायकोही आली. गाताना ती जिथे थांबली तिथे थांबलो, तिला झेपेल त्या पट्टीत वाजवलं. टेप ठणठणीत होता हे मला नंतर कळलं. त्यानंतर चार वर्षं ती दर रविवारी माझ्या पेटीवर गायली. पण सुरुवात करायच्या आधी ती पाहायची ती त्यांच्याकडे. ते मान हलवायचे, मग तिचा सूर लागायचा. त्या एका नजरेचा हेवा मला शेवटपर्यंत सुटला नाही.

ते गेले ते वाडीत पानं खुडताना, एका सकाळी, झटक्यात. आम्ही भेटायला गेलो. त्यांची बायको माझ्या बायकोचा हात धरून म्हणाली, "वहिनी, तुमचं एक म्हना. रविवारची वाट बघायचे ते."

पेटी नव्हती. माझ्या बायकोने डोळे पुसले आणि सुरासाठी माझ्याकडे पाहिलं.

मी षड्ज लावायला तोंड उघडलं. आवाज फुटेना. माझ्याकडे बघतच तिने एकटीने सुरुवात केली.