पाण्यातलं फूल आणि नसलेली फळी

"हे नुसते झोपलेत," मॅनेजर म्हणाले.

साजगावजवळच्या एका कारखान्याच्या तलावात सहा बदली कामगार पाठीवर तरंगत होते. पाय मधोमध जुळलेले, डोकी बाहेरच्या बाजूला. काठावरून सहा पाकळ्यांचं फूल दिसे. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मालकांनी विलायतेत असा खेळ पाहिला होता आणि कारखान्याच्या समारंभात त्यांना तोच हवा होता. म्हणून मुंबईहून मला, पोहण्याच्या मास्तरला, बोलावलं. खेळ जमला तर सहाही जण परमनंट होणार होते.

मी मॅनेजरना समजावलं, की झोपलेल्या माणसाचे पाय बुडतात. हे तरंगतात ते हातांच्या जोरावर. त्याला स्कलिंग म्हणतात. हात कमरेशी, तळवे किंचित कलते. पाणी बाहेर सारायचं, लगेच आत ओढायचं, थांबायचं नाही. वरचं पाणी हललं तर हात चुकला.

"पण दिसत काहीच नाही. हात वर काढून हलवायला सांगा."

सहांतला थोरला धर्मा. पाताळगंगा नदीत म्हशींबरोबर पोहायला शिकलेला. त्याने हात वर काढले आणि तो खाली गेला. वर येऊन म्हणाला, "सायेब, एकच कायतरी व्हईल. हात तरी दिसंल, नायतर मी तरी."

मॅनेजरनी नाद सोडला.

समारंभात फूल उमललं, गोल फिरलं, मिटलं. पाण्यावर तरंग नाही. मालक खूश झाले. पाण्याखाली फळ्या फार बेमालूम बसवल्यात, असं म्हणून त्यांनी मॅनेजरची पाठ थोपटली. मॅनेजर विनयाने हसले.

माझं डोकं फिरलं. मी शिट्टी मारून सगळ्यांना हात थांबवायला सांगितलं. सहाही जण पायांकडून बुडाले. आता तरी कळेल, असं मला वाटलं.

मालक ताडकन उठले. "फळी मोडली! माणसं मारायचीत का?"

फळी नव्हतीच, हे सांगायला मॅनेजरना मघाचं हसणं आड आलं. मालकांनी धर्माला जवळ बोलावून लागलं का, म्हणून विचारलं. धर्माने माझ्याकडे पाहिलं, मग मॅनेजरकडे.

"वाईच लागलं, सायेब."

मालकांनी तिथल्या तिथे सहाही जणांना परमनंट केलं आणि फळ्या सागवानी बसवायचा हुकूम सोडला.

पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही. सुताराला आलं. हात दिसू न देणं हीच खरी कला, असं मी नंतरही शिकवत राहिलो. फक्त खेळ सुरू होण्याआधी, खाली फळी नाही, एवढं मोठ्याने सांगून टाकतो.