सात खुर्च्या कमी

विक्री विभागातली माणसं त्याला खुर्चीकाका म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. वजनकाटे विकणाऱ्या त्या कंपनीत त्याची बावीस वर्षं कारकुनीत गेली होती. त्यातली एकच गोष्ट खऱ्या अर्थानं त्याची होती, वर्षाच्या पहिल्या आठवड्यातली किक-ऑफ, म्हणजे सगळ्या विक्री टीमची वर्षारंभाची सभा. वर्षभर रजेचे अर्ज लावणारा हा माणूस त्या एका दिवसापुरता सगळ्या टीमचा कर्ता पुरुष व्हायचा.

त्याची मतं पक्की होती. आकडे जेवणाआधी दाखवावेत, नाहीतर माणसं डोळे उघडे ठेवून झोपतात. हॉल थोडा गार हवा. आणि जितकी डोकी तितक्याच खुर्च्या. "एक खुर्ची रिकामी राहिली, की सगळी सभा तिच्याकडेच बघत बसते," तो म्हणायचा.

कार्डांची पद्धतही त्याचीच. कार्यक्रम संपताना प्रत्येकानं कार्डावर येत्या वर्षासाठी एक वचन लिहायचं, मागे नाव घालायचं. वर्षभर ती कार्डं त्याच्या कुलूपबंद खणात. पुढच्या वर्षी सकाळी ज्याचं कार्ड त्याच्या खुर्चीवर. आपलंच अक्षर वाचून कुणी हसायचं, कुणी ते घाईनं खिशात घालायचं.

यंदा आठ दिवस आधी साहेबांनी त्याला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"काका, खुर्च्या चौतीस."

"एकेचाळीस, साहेब."

"चौतीस." साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "या सात जणांना कामावरून कमी केलंय, ते त्याच सकाळी खालच्या खोलीत बोलावून सांगायचंय. आधी कळलं तर गिऱ्हाइकांच्या याद्या घेऊन जातील. या कानाचं त्या कानाला कळता कामा नये."

सातवं नाव त्याच्या धाकट्या मेहुण्याचं होतं.

"साहेब, याला मीच चिकटवला होता इथं. आणि सुरुवातीची पाच मिनिटं त्याच्या नावावर आहेत. कार्यक्रम छापून झालाय."

"राहू द्या तसंच. काढलं तर संशय येईल. यादी वरून आलीय काका, माझ्या हातात असतं तर!" साहेबांनी दोन्ही हात पसरून दाखवले. त्यांत खरंच काही नव्हतं.

मेहुणा रोज संध्याकाळी बहिणीकडे तालमीला येऊ लागला. टीव्हीचा रिमोट तोंडासमोर धरून तो कपाटापुढे उभा राहायचा. एका किराणा दुकानदारानं काटा परत घेऊन जा म्हणून सांगितलं होतं. यानं त्याच्या दुकानात दिवसभर उभं राहून गिऱ्हाइकांना माल तोलून दिला, आणि संध्याकाळी त्यानं आणखी दोन काटे घेतले, अशी ती गोष्ट.

"अहो, वेळ बघताय ना?" बायको विचारायची.

"चार मिनिटं पन्नास."

"मग तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं?"

"ताई, भावजींना माझा हेवा वाटतोय!"

एकदा दारात मेहुणा बूट घालत असताना त्यानं धीर केला. "तू दुसरीकडे कुठं... बघितलंस का कधी?"

"दुसरीकडे? मग तुमच्या खुर्च्या कोण उचलणार?" मेहुणा हसला आणि जिना उतरला. जिन्यातला दिवा आपोआप विझेपर्यंत खुर्चीकाका दारातच उभा होता.

त्या सकाळी त्यानं चौतीस खुर्च्या लावल्या, चौतीस कार्डं ठेवली. उरलेली सात शर्टाच्या खिशात होती. ती कुठं ठेवायची हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मेहुण्याला त्यानं साडेनऊची वेळ दिली होती. तो आठलाच आला, नवे बूट घालून, आणि सवयीनं रांगा मोजत फिरला.

"भावजी, घात केलात! सात कमी आहेत."

"अरे, थांब जरा..."

"थांबून कसं चालेल? बावीस वर्षांत पहिल्यांदा चुकलात. साहेब यायच्या आत लावतो, कुणाला कळणारसुद्धा नाही."

तो कोठीकडे पळाला. आधी चार आणल्या, मग तीन. खुर्च्यांचे पाय फरशीवर घासत होते आणि खुर्चीकाकाचं तोंड नुसतंच हलत होतं. मेहुण्यानं सातही खुर्च्या स्वतःच्या रुमालानं पुसल्या आणि हात पुढे केला.

"कार्डं?"

बावीस वर्षांची सवय. काय होतंय ते कळायच्या आत खुर्चीकाकाचा हात खिशातून बाहेर आला होता.

मेहुण्यानं नावं भराभर वाचली. मग पुन्हा, सावकाश. शेवटचं कार्ड त्यानं उलटलं. गेल्या वर्षी त्यानं लिहिलं होतं: भावजींना मान खाली घालायला लावणार नाही.

"कधीपासून माहीत होतं?"

"आठ दिवस."

"म्हणजे माझी वेळ मोजत होतात तेव्हाही."

"सातही जणांना खालच्या खोलीत बोलावणार आहेत," खुर्चीकाका एवढंच म्हणाला. मेहुण्यानं दोन खुर्च्या उचलल्या आणि कोठीत नेऊन ठेवल्या. मग आणखी दोन. खुर्चीकाकानं एकीला हात लावला, तर तो म्हणाला, "असू द्या, तुमची कंबर धरेल." सातवी ठेवून आल्यावर तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताईला सांगू नका, तुम्हाला माहीत होतं म्हणून."

नवे बूट वाजवत तो खालच्या खोलीकडे गेला. कुणी बोलवायच्या आधीच.

दहाला हॉल भरला. साहेब खुर्चीकाकाच्या कानाशी वाकले. "सुरुवातीची पाच मिनिटं मोकळी आहेत. तुम्हीच काहीतरी बोला."

तो माइकपाशी गेला. समोर चौतीस माणसं, एकही खुर्ची रिकामी नाही. त्याला दुसरं काही सुचेना. "एक किराणा दुकानदार होता," त्यानं सुरुवात केली. गोष्ट त्याला तोंडपाठ होती. कुठं थांबायचं, कुठं हसायचं, सगळं.

समोरच्या घड्याळात चार मिनिटं पन्नास झाली. टाळ्या चांगल्या पडल्या.