ओगराळं कोणाच्या दारी

आमच्या गल्लीत मथुराबाईच्या शिव्या न खाल्लेला माणूस शोधून सापडायचा नाही. मी तर तिची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, वर अंगणवाडीची बाई, तरी मलाही सुटका नव्हती. "विमल, तुह्या नालीत भाताचे शितं कायले वं? उंदरायचं लगन काढलं काय?" असं भर गल्लीत विचारायची. आवाज तर असा की बसस्टँडवर उभ्या माणसाला कळावं, आज विमलच्या घरी भात उरला. राग यायचा मला. मग मी मुकाट्यानं खराटा घ्यायची.

तिला हे काम कोणी दिलं नव्हतं. गल्लीत कोणी कचरा कुठं टाकावा, परीक्षेच्या दिवसांत टेप किती मोठा लावावा, मयताच्या घरी पहिल्या दिवशी भाकरी कोणी न्यावी, सगळं तिनंच अंगावर घेतलेलं. पलीकडच्या गल्लीतला पंचायतीचा मेंबर आमच्या गल्लीतून जाताना तोंडातला खर्रा थुंकायचा नाही, गिळायचा बिचारा.

पण तिचा खरा जीव होता रांजणावर. ढाणकीचा बाजार आमच्या गल्लीच्या तोंडाशी भरतो. तिथं कडुनिंबाखाली लाकडी घडवंचीवर एक रांजण असायचा. आमची मागची पिढी बौद्ध झाली, त्यानंतर गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी तो ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्यानं प्यावं, कोणी कोणाला जात विचारू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. भरायची पाळी दारोदार फिरायची. पाळीची खूण म्हणजे रांजणातून पाणी काढायचं लांब दांड्याचं ओगराळं. ते ज्याच्या घरी, त्यानं पहाटे रांजण राखेनं घासायचा, भरायचा, तोंडाला धुतलेलं फडकं बांधून दिवसभर ओगराळं वर ठेवायचं. संध्याकाळी ओगराळं पुढच्या दारी द्यायचं. ओगराळं घरी नसताना कोणी रांजण भरायला हात लावायचा नाही. पाण्याबद्दल कोणी विचारलं तर जबाब देणारं दार ठाऊक पाहिजे, असं मथुराबाई म्हणायची.

दोन हजार सहा साल असेल. कापसानं सगळ्यांचीच दशा केली होती, आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं कामासाठी ढाणकीत येऊन राहत होती. आमच्या गल्लीतही नवी बिऱ्हाडं आली. प्रत्येकाच्या दारी मथुराबाई पहिल्याच दिवशी हजर. सामान टेम्पोतून उतरायचं असतानाच हिचं सुरू, "हे आपली नाली, हे तुमची पाळी, आन् रातच्याले भांडनं करायचे असतीन तं दार लावून करा." नव्या माणसाला सांगणं हे जुन्याचं काम, असा तिचा कायदा. एकदा सांगितलं की मग शिव्या द्यायला ती मोकळी.

अशातच फुलसावंगीहून कौसल्या आली. नवरा पुंडलिकराव जिनिंगमध्ये कामाला लागला होता. माणसं कुणबी. शेत भावाकडं राहिलं आणि ही दोघं आमच्या गल्लीतल्या मधल्या खोलीत भाड्यानं आली, कारण परवडणारी खोली तेवढीच होती. कौसल्या तिशीची, मान खाली घालून बोलणारी, हाताला मात्र चलाख.

मथुराबाई तिच्या दारी गेलीच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. माझ्याकडून निघालेलं ओगराळं तिनं स्वतः नेलं आणि कौसल्याचं दार सोडून सरळ पुढच्या घरी दिलं. मी म्हटलं, "मावशी, मधलं घर सुटलं ना."

"सुटलं नाही, सोडलं."

"काहून?"

"कुणब्याचे मानसं हायेत ते. आपल्या रांजनाले हात लावतीन काय? आन् नाही म्हनलं त्यायनं तं? मले नाही इच्यारायचं कोनाले."

मला ठाऊक होतं ती असं का बोलत होती. लहानपणी तिच्या आईसोबत ती विहिरीवर जायची, म्हणजे विहिरीपासून लांब उभी राहायची. कोणाला दया आली तर वरून पाणी घालणार, तोवर माय-लेकी उन्हात. एकदा हिचा हात कोणाच्या तरी घागरीला लागला. पाणी बाटलं म्हणून त्या बाईनं भरलेली घागर हिच्यासमोर मातीत ओतून दिली आणि ही तहानेली, पाणी जमिनीत जिरताना पाहत राहिली. हे ती कधीतरीच सांगायची. सांगून झालं की उठून भांडी घासायला लागायची.

तर कौसल्याशी मथुराबाई बोलायची नाही असं नाही. बोलायची की! "बऱ्या हाये ना तुमी? या, बसा." अगदी सरकारी पाहुण्याशी बोलावं तसं. कौसल्याच्या दारापुढं सांडपाणी आलं तरी ही चकार शब्द काढत नव्हती, स्वतः खराटा घेऊन लोटून टाकायची. माझ्या दारापुढं आलं असतं तर माझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

एक दिवस कौसल्या माझ्याकडं आली. खूप वेळ पदराशी चाळा करत बसली, मग म्हणाली, "विमलताई, त्या मावशी साऱ्यायले बोलतेत. मलेच काहून बोलत नाहीत?"

मला हसू आलं. "अवं, नशीब समज तुहं!"

पण ती हसली नाही. "गाव सोडून आली मी. हितं कोनी नाही आपलं. ओगराळं दर पाळीले दारावरून जाते, मी दारात उभी राह्यते. आमचं पानी नाही चालत काय तुमाले? तसं असंन तं सांगा, आमी दुसरी खोली पाहातो. जिथं आपलं पानी नको, तिथं राहाचं कसं?"

अशी चिडले म्हणता मी! एक इथं दारात उभी, दुसरी तिथं मनात अढी धरून बसलेली, आणि मधे माझं डोकं. म्हटलं, "मले काय इच्यारतं? तिले इच्यार तोंडानं." पण विचारील तर ती कौसल्या कसली.

मे महिन्यात एका बाजाराच्या दिवशी घोळ झाला. ओगराळं होतं भगवानरावांच्या घरी, आणि ते सगळं घरदार लग्नाला पुसदला गेलेलं. ओगराळं पुढं द्यायचं विसरून दाराला कुलूप. सकाळी रांजण कोरडा. हे आधी दिसलं कौसल्याला. तिनं कोणाला काही विचारलं नाही. हापशीवर रांग लावून घागरी आणल्या आणि रांजण काठोकाठ भरला. फडकं बांधत होती तेवढ्यात मथुराबाई तिथं पोचली. मी मागोमाग होतेच.

"कोनं भरला?"

"म्या भरला, मावशी."

"ओगराळं तुमच्या घरी होतं?"

"नाही. पर रांजन खाली होता म्हनून..."

"नेम नाही तसा," मथुराबाई म्हणाली. फडकं सोडलं, दोन्ही हातांनी रांजण घडवंचीवर कलता केला. मी "मावशी, अवं!" म्हणेपर्यंत निम्मं पाणी रस्त्यावर गेलं होतं. मे महिन्यात, ढाणकीत, हापशीचं पाणी!

कौसल्या रिकामी घागर कमरेवर घेऊन उभी. ओरडली नाही, रडली नाही. फक्त म्हणाली, "बाटलं काय, मावशी?"

मथुराबाईचे हात रांजणावर तसेच राहिले. राहिलेलं पाणी भळभळ गेलं, तिला ते सावरताही आलं नाही. कौसल्या घरी निघून गेली.

हे बघा, विहिरीवरची ती घागर आणि हा रांजण, दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. कौसल्याला त्या दिवशी तहानेलं राहावं लागलं नाही, तिला कोणत्या विहिरीवरून कोणी हाकलणारही नव्हतं. मथुराबाईच्या मनातली आग खरी होती, तिला कारण होतं. पण पाणी तर ओतलं गेलंच ना? माझ्या डोळ्यांसमोर ओतलं गेलं.

दिवसभर मथुराबाई ओट्यावर बसून होती. बाजारची माणसं यायची, रांजणात डोकावायची आणि पुढं जायची. पोरांनी तिच्या नाकासमोर कागदाचे बोळे टाकले, ती बोलली नाही. गल्लीला चैन पडेना. तिकडं पुंडलिकराव कोणाला तरी दुसऱ्या खोलीचं विचारत होता, हे तिच्या कानावर आलं होतं.

संध्याकाळी भगवानरावांचं कुटुंब परतलं. तिनं त्यांच्याकडून ओगराळं घेतलं, मला म्हणाली, "चाल संगं." कौसल्याच्या दारात गेलो तर आत भांड्यांचं बोचकं बांधून तयार. मथुराबाई दारातच उभी राहिली.

"माहं चुकलं," ती म्हणाली शेवटी. "नवं मानूस आलं का नेम सांगनं माहं काम. तुमाले मी सांगतलाच नाही, आन् मोडला म्हनून पानी ओतलं. मी भेली होती, बाई. तुमी नाही म्हनसान म्हनून."

"मी कायले नाही म्हनू? मी तं वाटच पाहून राह्यलती."

"रांजन आंधी राखेनं घासा लागते."

"घासला होता, मावशी. बोट फिरवून पाह्यलं असतं तं समजलं असतं."

मथुराबाईनं मान हलवली, उंबरा ओलांडून आत येऊन बसली. मग म्हणाली, "पानी दे बरं."

कौसल्यानं बोचकं सोडलं, त्यातून पेला काढून पाणी दिलं. कुणब्याच्या घरात बसून, हातात पेला घेऊन ती पाणी प्यायली. माझ्यासमोर तरी पहिल्यांदाच. डोळे पुसले नाहीत तिनं, वाहू दिले. जाताना ओगराळं कौसल्याच्या हातात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते आणि गल्लीच्या तोंडाशी तो आवाज उठला.

"काय वं कौसल्ये! हे फडकं बांधलं का पोराचं लंगोट? साऱ्या ढाणकीचा धुरळा पोटात घालतं काय लोकायच्या? हात मोडले काय तुहे? सोड ते, बांध नीट!"

मी गाळणी तशीच टाकून धावले. म्हटलं, झालं, आता ही पोरगी खरंच निघून जाते.

कौसल्या रांजणाला टेकून उभी होती. फडक्याची गाठ सोडता सोडता रडत होती, आणि रडता रडता हसत होती. मला पाहून म्हणाली, "आयकलं काय विमलताई? मले बोलली!"