पाचर की खाच

ओल्या प्लास्टरला विचित्र ऊब असते. आधी ते गार लागते, मग आपोआप तापू लागते, आणि त्याचा चुन्यासारखा वास हातांना दिवसभर चिकटून राहतो. तो वास आला की मला अकोल्याचा आमचा वॉर्ड आठवतो, आणि साठ सालानंतर केव्हातरी अचलपूरहून एस.टी.ने आलेला रामाजी सुतार.

त्याचे मणके एकमेकांना जुळून एकच वाकडा दांडा झाला होता. चालताना दिसायची ती फक्त जमीन. डॉक्टरांनी त्याला कळेल अशा भाषेत सांगितले, की पाठीतून हाडाची पाचर काढू, मग पाठ सरळ होईल. मी वॉर्डची मुख्य परिचारिका. संमतीच्या कागदावर अंगठा घेणे माझे काम. रामाजीने हात मागे घेतला.

"बाई, पाचर काढली का कुऱ्हाड दांड्यातून निसटते. माही मान कुठी जाईन?"

"घरी रंधा, इथी बी रंधा!" त्याची बायको सुभद्रा त्याच्या सुतारकीवर करवादली.

आपण सोपा म्हणून जो शब्द देतो, तो ऐकणाऱ्याच्या हातात आधीच कशासाठी झिजला आहे, हे कोण पाहतो? मी आवारातून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाकडी ओली काडी आणली, कुबडाच्या बाजूने चाकूने तिकोनी तुकडा काढला आणि काडी सरळ केली. कापाच्या दोन्ही कडा मिटल्या.

"हात्तिच्या! हे तं खाच हाय. डाक्टरले सांगा, पाचर म्हणू नोका."

डॉक्टरांनी नाव दिले होते निघणाऱ्या तुकड्याला. सुताराला हवे होते उरणाऱ्या जागेचे. त्याने अंगठा दिला.

धोका मात्र शब्दाने कमी होत नाही. मज्जारज्जू दुखावला तर पाय जाणार! म्हणून पाठ तेवढी बधिर करून त्याला जागे ठेवले आणि मला पायांशी उभे केले. डॉक्टरांनी खाच घेतली, शरीर हलकेच मागे झुकवले. वाळली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

"रामाजी, अंगठे हलवा."

काहीच हलले नाही. मी पुन्हा दरडावले.

"हलवूनच राहिलो ना बाई! ओरडता कायले?"

तेव्हा डावा हलला. मग उजवा.

कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये काढल्यावर तो उभा राहिला. सुभद्रा जवळ आली, जुन्या सवयीने कमरेत वाकली आणि त्याच्या पोटाशीच बोलू लागली. एकाची पाठ धरली की दुसऱ्याचीही वाकते, हे आमच्या कोणत्या कागदावर लिहिलेले असते?

"वर पाह्य ना वं," तो म्हणाला. "मी इकडे हाओ."

तिला मान वर करायला थोडा वेळ लागला.